तडिताचं नुकसान

आमच्या साडूंइतका संतापलेला माणूस पनवेलमध्ये दुसरा नाही, आणि पनवेलमध्ये संतापायला कारणं कमी आहेत असं कोणी म्हणणार नाही. तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा वास त्यांनी कधीच माफ केला आहे. पळस्पे फाट्यावर तासभर गाडी अडकली तरी ते हूं की चूं करत नाहीत. सगळा संताप त्यांनी एकाच अन्यायासाठी राखून ठेवला होता: तलवार लागल्यावर माणसाचं किती नुकसान होतं, हे फासा टाकून ठरवतात.

हा एक खेळ आहे. टेबलाभोवती पाच-सहा शहाणी माणसं बसतात, प्रत्येकजण एकेका काल्पनिक वीराचं सोंग घेतो, एकजण जंगलं आणि राक्षस पुरवतो, आणि कोणी कोणाला मारलं की हत्याराच्या लायकीप्रमाणे फासा पडतो. सुरीला चार बाजूंचा, तलवारीला आठ, मोठ्या कुऱ्हाडीला बारा. येईल तो आकडा म्हणजे डॅमेज, आणि तेवढे प्राण वजा. राक्षस नसतात हे ज्यांना मान्य आहे, तीच माणसं राक्षसाच्या गदेला आठ द्यावेत की दहा यावर जाडजूड गुळगुळीत ग्रंथ उघडून वेदवाक्य वाचावं तशी वाचतात. मला या थाटाचं हसू येई. साडूंना येत नसे, कारण त्यांची हयात नुकसान ठरवण्यात गेली होती. ते विम्याचे सर्व्हेअर. जळकी गोदामं, उलटलेले ट्रक, भिजलेली खताची पोती हे त्यांचं विश्व. "डॅमेज बघून ठरतं, फेकून नाही," हे त्यांचं पहिल्या रविवारचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "जागेवर कोण गेलं होतं?"

मुळात ते या खेळाकडे वळले लेकीमुळे. केतकी शिकायला जर्मनीला गेली आणि जाताना तिची या खेळातली धनुर्धारी नायिका, तडिता, वडिलांच्या हवाली करून गेली. "बाबा, दिवाळीला येईन, तोवर हिला जिवंत ठेवा," एवढंच ती विमानतळावर म्हणाली. साडूंनी ते गहाणवट सांभाळावी तसं मनावर घेतलं. दर रविवारी दुपारी, जाड मिशांचा हा साठीचा गृहस्थ सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये चष्मा पुसून गंभीरपणे सांगे, "मी केस मोकळे सोडते आणि झाडावर चढते." कोणी हसलं तर ते त्याच्याकडे असं बघत, की त्याचा क्लेम नामंजूर झालाच म्हणून समजा. मला ते सोबत नेत. साक्षीदार म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

खेळ चालवायचा भूषण. ओवे गावचा मुलगा, तळोज्याच्या कारखान्यात इंजिनिअर, केतकीचा कॉलेजातला मित्र. तडिताला ओरखडा जरी उठला तरी त्याची उलटतपासणी सुरू होई. एकच प्राण उरलेला राक्षस पहिल्यासारखीच तलवार फिरवतो हे साडूंना सहनच होईना. "अहो भूषणशेठ, मला नुसती कणकण असली तर डब्याचं झाकण उघडत नाही!" रात्रभर झोपलं की सगळ्या जखमा भरतात, हा नियम ऐकून तर ते उठूनच उभे राहिले. "मग पनवेलात इतकी हाडांची इस्पितळं काय लग्नासाठी भाड्याने द्यायला बांधलीत?" सुरीला चारच का, या वादात एकदा त्यांनी घरून लाल भोपळा आणला, सर्वांसमोर त्यात सुरी मुठीपर्यंत खुपसली आणि म्हणाले, "आता या भोपळ्याच्या घरच्यांना जाऊन सांग, चारच लागलंय म्हणून." सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी पाटी लावली: क्लब हाउसमध्ये धारदार वस्तू व भाज्या आणू नयेत.

"काका, नियम हाय तो," भूषण कळवळून म्हणे. "आमी नाय बनवला."

"मग ज्याने बनवला त्याला बोलव. मी त्याच्याशी बोलतो."

असं त्यांनी पावसाळाभर तडिताला जगवलं. गणपतीनंतरच्या रविवारी मात्र एका राक्षसाची कुऱ्हाड तिला वर्मी लागली. भूषणने बाराचा फासा टाकला. तो घरंगळत टेबलाच्या पार कडेला गेला आणि थांबला. बारा. तडिताचे प्राण नऊ होते. मग भूषणने फासा पटकन उचलला आणि म्हणाला, "खाली पडला ना? खाली पडलेला नाय धरत. परत टाकतो."

सुटकेची वाट समोर होती. पण साडू म्हणाले, "टेबलावरच होता."

"काका, जाऊ द्या ना..."

"मी बघितलाय. खोटा रिपोर्ट मी आजवर दिलेला नाही. बारा."

घरी येऊन त्यांनी केतकीला फोन लावला. मी शेजारीच होतो. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि एखाद्याच्या घरी जाऊन वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं. पलीकडून तिचं हसू आलं. "अय्या, बाबा! तुम्ही अजून खेळताय? मला तर वाटलं, ती केव्हाच मेली असेल." मग तिने जेवलात का विचारलं, यंदा दिवाळीला सुट्टी मिळत नाही हेही सांगितलं. साडू "बरं, बरं" म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी ते येतील याची मला खात्री नव्हती, पण आले. नवा वीर घेऊन बसले; त्याला नावही त्यांनी दिलं नव्हतं. पहिल्याच चकमकीत त्याला गदा बसली. भूषणने फासा टाकला आणि सवयीने आक्षेपासाठी थांबला.

"काका, सात आलेत."

"हं."

"गदा लाकडाची हाय, काका. आतून किडलेली पण असंल. तुमी काय बोलत का नाय?"

"लागलं ते लागलं रे," साडू म्हणाले आणि फासा शेजारच्यापुढे सरकवला.

त्या दिवशी खेळ वेळेवर संपला. एरवी साडूंच्या उलटतपासणीत तो कधीच वेळेवर संपत नसे. क्लब हाउसचे दिवे बंद करायला कोणी उठेना.