सकाळच्या लेडीज बॅचनं सोडलेली माणसं

मनीषनगरजवळच्या स्विमिंग टँकवर सकाळी आमची लेडीज बॅच असते. पोहणं अर्धा तास आणि चेंजिंग रूममध्ये केस वाळवणं पाऊण तास, म्हणजे किस्से साचणारच. बॅचमध्ये मी सगळ्यात लहान, बेचाळीसची. बाकीच्या साठीपुढच्या. एकेक नातं त्या ज्या सहजपणे सोडतात, ते पाहून मी थक्कच होते.

शोभाताईंची एक कॉलेजपासूनची मैत्रीण. रोज फोन, रोज स्वतःचंच रडगाणं. एकदा शोभाताईंनी मध्येच विचारलं, "अलका, माह्या पोराचं नाव काय आहे, सांग बरं?"

तिकडून, "अं... थांब हं..."

"ठीक आहे, ठेवते मंग," म्हणाल्या. तो फोन कायमचाच ठेवला.

"खूप राग आला होता?" मी विचारलं.

"राग असता तं अजून दहा वर्षं ओढलं असतं."

*

कांबळेमावशी रिटायर्ड नर्स. जुन्या कॉलनीतली त्यांची भिशी वर्षानुवर्षं चालू होती. एका दुपारी साबुदाणा वडा खाता खाता त्यांच्या लक्षात आलं, की इथली एकही बाई आपल्याला आवडत नाही. त्याच दिवशी त्यांनी भिशी सोडली.

"तशाच उठून आलात?"

"नाही वं. वडा संपवला. चांगला होता."

*

याच मावशी एकदा बेसाला भावाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कित्येक वर्षांचा अबोला होता.

"काहून आली?" भावानं विचारलं.

"आपलं भांडण कशावरून झालं, ते आठवून नाही राहिलं. तुले आठवत असंल तं सांग."

भाऊ बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "चहा घेतं का?"

*

एकदा केस पुसताना माझा फोन वाजला. माझी आतेबहीण. ती मला पाण्यात पाहते आणि मी "हो गं, हो गं" करत ऐकून घेते, हे सगळ्या बॅचला ठाऊक.

"उचलू नको असं म्हणून नाही राहिली मी," मावशी म्हणाल्या, "उचलताना आरशात आपलं तोंड पाह्य फक्त."

पाहिलं. आणि उचलला.

"राहू दे," मावशी शोभाताईंना म्हणाल्या. "लहान आहे अजून."

*

निर्मलाताई सगळ्यात कमी बोलायच्या. माहेर उमरेडचं, विणकराचं घर. नवरा भला माणूस, पण जेवण वाढलं आणि बिल भरलं यापलीकडे दोघांत शब्द नाही. सत्तरी गाठल्यावर एका सकाळी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "मी उमरेडले राहाले जाऊन राहिली. बहीण एकटी आहे तिथं. अन् मी इथं एकटी आहे."

नवऱ्यानं कप खाली ठेवला. माळ्यावरची बॅग काढली, फडक्यानं पुसून दिली. स्कूटरवरून बसस्टँडवर सोडायलाही आला.

पुढचं निर्मलाताईंनी मला उमरेडहून फोनवर सांगितलं. नवरा बॅग घेऊन बसमध्ये चढला, वर ठेवली आणि तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "खिडकीपाशी बसतं का वं?"

"आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं त्यानं. दर वेळी तोच बसे तिथं."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. बसली खिडकीपाशी."