इंदूच्या मसाल्याचा भाव

तात्यापारा वस्तीतली इंदू मुलखाची भिडस्त. रिक्षावाल्याशीसुद्धा तिने जन्मात घासाघीस केली नाही. अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर धंदा काढावा म्हणजे कमालच, पण काढला खरा. तिच्या हातचा काळा मसाला नातेवाइकांत नावाजलेला. नवरा शेखर रेल्वेतून निवृत्त झाला तसं तिने मसाला कुटायचं यंत्रच घरात आणलं. दुकानदार ओळखीचा, होळीपर्यंत परत घेईन म्हणाला. शेखरनेही तीच मुदत धरली.

"होळीलोक धंदा दिसला नाही, तर यंत्र वापस," त्याने बजावलं.

जाहिरातीला पाच हजार होते, वर एक पैसा नाही. धाकटा दीर शिशिर म्हणाला, होर्डिंग लावा. पण राज्य नवं आणि हे शहर त्याची नवी राजधानी. चौकाचौकांत सरकारी योजनांचे फलक आणि उरलेल्या जागांचे भाव आभाळाला भिडलेले. वर्तमानपत्रात आगपेटीएवढी चौकट मिळत होती, तीही दोनच दिवस. इंदूने कागदावर सगळं मांडलं, खोडलं आणि स्वतःच्या अकलेने ठरवलं. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दीडशे बाया येतात. प्रत्येकीला वाण म्हणून मसाल्याची पुडी द्यायची, वर नाव आणि फोन नंबर छापायचा.

"वाणावर फोन नंबर? बरं दिसते काय ते, वहिनी?" नणंद क्षमाने नाक मुरडलं. इंदूने आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही.

पुड्या वाटल्या आणि आठवडाभरात फोन खणखणू लागला. "इंदू, मस्त झाला होता वो मसाला! अजून पाठवशील काय?" "मले अर्धा किलो ठेवजो." भाव कुणी विचारला नाही. कशाला विचारतील? वाणात आलेली वस्तू, तीही घरच्यासारख्या बाईकडची. आणि इंदूची जीभ पैशाचं बोलायला रेटेना. ती पाठवत राहिली. महिन्याभरात अकरा किलो मसाला गेला, पाच हजार संपले, आणि हातात आलं ते नुसतं कौतुक.

"जाहिरात कायची, अन्नछत्र खोलून राहिली तू," शेखर म्हणाला. इंदूला रडू फुटलं. जाहिरात छान झाली होती, घोडं आपल्याच तोंडाशी अडलंय, हे तिला कळत होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

होळीला आठ दिवस उरले असताना कलावती दारात आली. बीरगांवात कारखान्यातल्या कामगारांची खानावळ चालवणारी ही बाई. हळदीकुंकवाचा नाश्ता तिनेच केला होता आणि उरलेल्यातली एक पुडी इंदूने तिच्याही हातावर ठेवली होती.

"बाई, किलोचा भाव सांगा."

"भावाचं काय एवढं? घेऊन जा ना," इंदू सवयीने बोलून गेली.

कलावती वळलीच. "मंग जातो मी."

"काहून?"

"माह्या खानावळीत भंडारा-गोंदियाचे चाळीस पोट्टे जेवतात. मले हप्त्याला तीन किलो पाह्यजे. फुकटचं एक डाव घेईन, दुसऱ्या डावाले कोन्त्या तोंडानं मागू? भाव सांगत नसान तर दुसरीकडं पाहीन."

इंदूचे कान तापले. इतक्या बायांनी मसाल्याची तारीफ केली, पण गिऱ्हाईक म्हणून दारात उभी राहिलेली ही पहिलीच, आणि तिलाही आपण घालवायला निघालो होतो.

"एकशे साठ रुपये," ती एका दमात म्हणाली.

"एकशे चाळीस लावा."

"दीडशे. त्याच्या खाली नाही परवडत."

"हव," म्हणत कलावतीने बटव्यातून नोटा काढल्या. "दर सोमवारी येतो."

"यंत्र राहू दे मंग," शेखर आतून म्हणाला.

कलावती फाटकाबाहेर पडली तोच फोन वाजला. क्षमा होती. होळीला पाहुणे येणार, अर्धा किलो मसाला पाठव म्हणत होती. इंदूने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"अर्ध्या किलोचे पंच्याहत्तर होतात, क्षमा."



"माझ्याकडूनही घेशील, वहिनी?"



"पंच्याहत्तर," इंदू म्हणाली.