भुकेचा अभ्यास

नणंदबाईंना आधी वाटलं होतं, दादाने औषधाच्या दुकानातली मुलगी पसंत केलीय. आता आठवलं की पोट धरून हसतात. लग्नाच्या आठवड्यातच त्यांनी वहिनीकडे खोकल्याचं औषध मागितलं होतं, तेही सवलतीत. वहिनी म्हणाली, माझ्याकडे फक्त उंदरांना भूक लागायचं औषध आहे.

मग कळलं, ही बाई प्रयोगशाळेत मेंदूतल्या पेशीवरच्या एका रिसेप्टरच्या मागे लागलीय. पेप्टाइड नावाचा इवलासा रेणू त्यावर येऊन बसला की भूक लागते. तसाच रेणू बनवायचा आणि आजारपणात ज्यांचं अन्न तुटलंय त्यांना द्यायचा, एवढाच ध्यास. त्यात केस पिकले तिचे. दादा सगळ्यांना सांगायचा, मला सवत आहे, उंदराच्या डोक्यात राहते.

मध्ये वर्षभर उंदीर ढिम्म. शेवटी वहिनीनेच शोधून काढलं, रेणू काचेच्या नळीलाच चिकटून बसत होता, उंदरांपर्यंत पोचतच नव्हता. नळ्या बदलल्या आणि उंदरांनी असा फडशा पाडला की विचारू नका.

माणसांवर चाचणी झाली, तेव्हा मात्र कुणालाच भूक लागेना. वहिनी डॉक्टरांना खोदून खोदून विचारत राहिली, नळ्या कसल्या होत्या, पिशव्या कसल्या. सगळं ठीक होतं. औषध जिथे पोचायचं तिथे पोचलं होतं. तरी माणसांनी ताटं सरकवली. काम बंद पडलं.

त्याच वर्षी दादाला कॅन्सर निघाला, आणि त्याचं जेवण सुटलं.

नणंदबाई मदतीला येऊन राहिल्या. भुकेवर देशोदेशी व्याख्यानं दिलेली बाई वाटी घेऊन नवऱ्यापुढे बसायची, आणि तो तोंड फिरवायचा. एकदा भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "ताई, सगळं ठाऊक आहे हो मला. कुठली पेशी, कुठला रेणू. आणि यांना एक घास जात नाही."

 एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या नणंदबाईंनी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि त्या घासत बसल्या.

दादा गेला त्याच्या आदल्या रविवारची गोष्ट. वहिनीने सूप केलं. दादाने चमचाभर घेतलं, म्हणाला, मीठ नाही. वहिनी म्हणाली, आहे. नाही. आहे. तुमची जीभच बिघडलीय, असं ती खेकसली. नणंदबाईंनी आत चाखून पाहिलं होतं. मीठ नव्हतं.

दादाने खात्री करायला आणखी एक चमचा घेतला. बायकोकडे बघितलं. मग अजून एक. कित्येक दिवसांत एवढं त्याच्या पोटात गेलं नव्हतं.

"आहे बाई," तो म्हणाला. "बरोबर आहे मीठ. माझंच चुकलं."

"मग?" वहिनी म्हणाली. "सांगत नव्हते मी?"