दाराची बेल

२०१७ साल. मला तेव्हा त्र्याहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण मोडके रेडिओ आणि खेळणी खोलून रोज काहीतरी चालणारं बनवायचं हा माझा नेम. बायको गेल्यावरही तो मी सोडला नाही.

त्या दिवशी दाराची बेल केली. बटण दाराबाहेर, भोंगा आत. दाबलं, वाजली. पण मागे स्वयंपाकघरात ऐकू जाते का, हे कसं कळणार? आत पळावं तर बोट सुटतं, आणि बोट सुटलं की आवाज बंद. पूर्वी असं काही वाजणारं केलं की मी दारात असायचो आणि ही ओट्यापाशी. ती तिथून "वाजली हो!" म्हणून ओरडली की माझं त्या दिवसाचं काम संपायचं.

समोरच्या मालतीवहिनी हसल्या. "भाऊजी, स्वतःच्याच घराची बेल वाजवताय? दार उघडायला आत आहे कोण?"

"टेस्टिंग चाललंय," म्हणालो आणि दार लावून घेतलं. कुणाकडे मदत मागणं मला कधी जमलंच नाही.

संध्याकाळभर त्या भोंग्याकडे बघत बसलो. वस्तू जोडायला एक माणूस पुरतो. ती चालली हे सांगायला मात्र दुसरा लागतो. इतकी वर्षं मी माझ्या हातांचा तोरा मिरवला. निम्मं काम तिच्या कानांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचं दार ठोठावलं. "जरा बटण दाबता का? मी सांगेपर्यंत सोडू नका." मग ओट्यापाशी, ती उभी राहायची तिथेच जाऊन उभा राहिलो, आणि घसा ताणून ओरडलो, "वाजली हो!"