नळी निघाली

आमच्याकडे माणसाच्या अंगातली नळी निघाली की तो बरा झाला असं समजतात. नाकातली निघाली, लघवीची निघाली, की नातेवाईक पिशव्या भरायला लागतात. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांनाही, तेच वाटलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

त्यांच्या पित्ताच्या वाटेवर गाठ होती. पित्त अडून कावीळ झाली, म्हणून मुंबईला दुर्बिणीतून आत प्लॅस्टिकची बारीक नळी बसवली. कावीळ उतरली. आबा पिंपळनेरला परतून शेतात फेरी मारू लागले. उन्हाळ्यात पुन्हा अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले. धुळ्याला फोटो काढला, तर नळी जागा सोडून वर सरकलेली. माझा संताप झाला. बोटाएवढी वस्तू, तिला एका जागी गप्प राहता येऊ नये?

तिथल्या एका खासगी दवाखान्यात मुंबईचे डॉक्टर अधूनमधून येत. त्यांनी तोंडातून दुर्बीण घातली आणि चिमट्याने नळी ओढून काढली. नवी मात्र आत जाईना. गाठीने वाटच बंद केली होती. ऑपरेशन सोसण्याइतकं बळ आबांच्यात नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी उगाच मान हलवत राहिले. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

गुंगी उतरल्यावर आबांनी विचारलं, "नळी निंघनी ना?"

"निंघनी, आबा."

"मंग घर चाल."

नवी बसली नाही हे न सांगताच मी पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला, मग कंडक्टरला, आबांनी नळी निघाल्याचं सांगितलं. कंडक्टरने देवाचे आभार मानले.

आई दारातच उभी होती. तिलाही आबांनीच सांगितलं. कावीळ झाल्यापासून तिने घरात हळद बंद केली होती. सगळे पांढरं वरण गिळत होतो. संध्याकाळी चुलीपुढे बसून तिने मला हळूच विचारलं, "आते हळद चाली ना? डॉक्टर काय म्हनना?"

"काय मांगतीन ते द्या म्हनना," मी म्हणाले.

डॉक्टर खरोखरच तसं म्हणाले होते. आईचा चेहरा उजळला, आणि तिने हळदीचा डबा खाली काढला.