बायकांच्या खोलीतले भानुदासकाका

दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या स्तनतपासणी केंद्रात, बायकांच्या खोलीत एकच पुरुष हक्कानं बसतो. भानुदासकाका. खोर फक्कानला बांधकामाची कंत्राटं घेणारा सांगलीचा गडी, मिशा अशा की लहान पोरं बिचकतात. या माणसाला स्तनाचा कॅन्सर झाला, आणि आमच्या संगणकाला काही ते पटेना. छातीची तपासणी म्हटली की तो ‘स्त्री’ एवढंच घ्यायचा, त्यामुळे काकांच्या फायलीवर ‘मिसेस’ छापून आलं. काकांना ते चांगलंच झोंबलं. पण पळून जाण्याऐवजी ते दुरुस्ती होईपर्यंत माझ्या काउंटरसमोर ठाण मांडून बसले. असली चिवट माणसं मला फार आवडतात.

आता ऑपरेशननंतर ते दर वर्षी दुसऱ्या बाजूची तपासणी करायला येतात. सगळ्यांना खजूर वाटतात, एखादी रडत असली तर तिच्या नवऱ्याला फोनवरून झापतात.

परवा ते बसले असताना दाराशी वेदांग येऊन उभा राहिला. विशीतला, इथंच वाढलेला, दाढी राखलेला. ओळखपत्राच्या कार्डावर मात्र स्त्री आणि जन्माचं मुलीचं नाव. छातीत गाठ लागत होती, तरी याआधी दोनदा तो दारातूनच परत गेला होता. या खोलीत मुलीच्या नावानं हाक यायची आणि सगळ्यांदेखत उठायचं, हे त्याच्यानं होईना. या वेळीही गेला तर पुन्हा यायचा नाही, अशी मला धास्ती होती.

काकांनी त्याला पाहिलं आणि आपल्यासारखाच लाजलेला कुणी समजून हात केला. ‘‘ये रे, मलाही गाठ होती. यल्ला, चल, बस.’’

तो बसला नाही. वाकून हळूच म्हणाला, ‘‘अंकल, आय ॲम नॉट लाइक यू. माझ्या कार्डवर फीमेल आहे.’’

काका म्हणजे जन्मभर साइटवर ओरडलेला माणूस, आता तोंडातून काय निघतंय कुणास ठाऊक.

‘‘अरे, गाठ काय कार्ड बघून येते?’’ ते म्हणाले. ‘‘नाव काय तुझं?’’

‘‘वेदांग.’’

मग काकांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. कार्डावरचं कार्डापुरतं राहू दे, हाक त्याच्या नावानं मार, आणि आत काय तपासायचं ते डॉक्टरला नीट कळेल असं लिही, म्हणाले. मी वेदांगला विचारलं. त्यानं मान हलवली. शेऱ्याच्या जागेत मी तसं लिहिलं.

पाळी खरं तर काकांची होती, ती त्यांनी त्याला दिली. मी ‘वेदांग’ अशी हाक मारली, तशा खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. वेदांग जागच्या जागी थबकला.

‘‘माझा पुतण्या आहे,’’ काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

बायकांनी पाय आत घेतले आणि त्याला वाट करून दिली.