गंगापूरचा उंबरा

चिपळूणहून पुण्याला येऊन संभाजीनगरची एसटी पकडली तेव्हा मांडीवर एकच पिशवी होती. तिच्यात दुखवट्याचं लुगडं (माहेरच्यांनी शोक करणाऱ्या लेकीला न्यायचं वस्त्र), विहीणबाईंसाठी खण आणि व्याह्यांसाठी टॉवेल-टोपी. जावई रस्त्यात अपघाताने गेला तेव्हा मी चिपळूणला तापाने अंथरुणाला खिळले होते. तेराव्यालाही जाता आलं नाही. आता उठता येऊ लागलं, तशी निघाले होते. लेकीला, सुनीताला, घरी घेऊन यायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

खरं म्हणजे डोक्यात काहीच धड राहत नव्हतं. आमचे हे गेल्यापासून मन असं उंडारतं की दूध उतू जातं, नळ वाहत राहतो. म्हणून शेजारणीने मला सजगतेच्या वर्गाला घातलं. तिथल्या ताई फार गोड. त्या म्हणाल्या, "ध्यानाला वेगळं बसू नका. रोजच्या दोन-तीन खुणा धरा. ती खूण आली की थांबायचं आणि एक श्वास पूर्ण घ्यायचा, बस." मी तीन धरल्या. घंटी, चहाचा पहिला घोट आणि उंबरा.

कंडक्टरने दोरी ओढली की मी श्वास घ्यायची. घाट नाही, वळण नाही, सरळ सपाट मुलूख. आमच्या कोकणातल्या डोळ्यांना इथे अडायला काही सापडत नाही. कुठे ऊस, कुठे वेचणीला आलेला कापूस, मधूनच उघडंबोडकं रान. घंटी वाजत होती, मी मन लावून श्वास घेत होते. एक स्टॉप आला, घंटी वाजली, मी डोळे मिटले, पुन्हा घंटी वाजली, गाडी सुटली. पुढे वाळूजचे कारखाने दिसू लागले तेव्हा कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, गंगापूर फाटा मागं गेला की! हाका मारल्या, तुम्ही झोपलेल्या!"

झोपले नव्हते.

शहरात उतरले. स्टँडसमोर नान-खलियाचा (मटणाचा तिखट रस्सा आणि तंदूरचा नान) घमघमाट सुटला होता. लोक मिटक्या मारत जेवत होते आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. एक चहा घेतला. पहिल्या घोटाला थांबले. चहा गोडमिट्ट होता, एवढं मात्र नीट कळलं.

"अम्मा, किधर जाना?" रिक्षावाल्याने विचारलं.

"गंगापूर."

"जीपां उधर से निकलतीं. बैठो, छोडता मैं." त्याने मला जीपमध्ये बसवूनही दिलं. पिशवीतलं लुगडं पाहून त्याने काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

जीपमध्ये माझ्याशेजारी एक धनगरीण होती, पदराखाली कोकरू घेतलेली. ते सारखं माझा पदर चघळत होतं.

"कुनाकडं?" तिने विचारलं.

"लेकीकडे. जावई गेला."

"आगं माय! तरना?"

"तरणाच."

मग गंगापूर येईपर्यंत तिने माझा हात हातात धरून ठेवला. उतरताना म्हणाली, "रडा जावा पोटभर. आवरू नका." मी मान हलवली.

सुनीताचं सासर गावाच्या कडेला आहे. घर पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर बांधलेलं, असं व्याही लग्नात मोठ्या कौतुकाने सांगत होते. दार बुटकं आणि दगडी उंबरा चांगला गुडघ्याशी येईल एवढा. मला माहीत होतं की इकडे दुखवट्याला माहेरचं माणूस दारात दिसलं की आतल्या बाया आक्रोश करतात, आणि आलेलीने धावत जाऊन लेकीच्या गळ्यात पडायचं असतं. ती एक गळाभेटच लेकीने पुढच्या सगळ्या महिन्यांना पुरवायची असते. आतून रडणं सुरू झालेलं मी ऐकलं. चौकट धरली, पाय उचलला.

आणि उंबरा आला म्हणून मी थांबले. डोळे मिटले. एक श्वास पूर्ण घेतला.

डोळे उघडले तेव्हा आत सगळं चिडीचूप होतं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. सुनीता भिंतीला टेकून खाली मान घालून बसली होती. मी आत गेले, तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी कडक झाली. मला रडू आलं, पण आता ते माझं एकटीचं रडणं होतं.

हातपाय धुवायला मागे गेले तेव्हा तिची चुलत सासू पाणी घालायला आली. म्हातारी हळूच म्हणाली, "पोर उठली व्हती वं. हात पसरून निघाली व्हती तुमच्याकडं. तुमी डोळं मिटून हुब्या. मंग बसली खाली. असं का केलं?"

"मी... श्वास घेत होते."

"दम लागला व्हता व्हय?"

मी होकाराची मान हलवली.

संध्याकाळी लुगडं दिलं. सुनीताने ते घडीसकट बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. थोडे दिवस तरी."

"नको."

"का ग?"

"तुला हे घर कधीच आवडलं नाही, आई. आजही दारात थबकलीस. इथं निदान माझ्याबरोबर रडणारी माणसं आहेत."

विहीणबाई म्हणाल्या, "आसं बोलू नाय बाई आईला." पण त्यांनी बोलताना तिला जवळ घेतलं होतं, आणि ती त्यांच्या कुशीत शिरली होती. माझ्यासमोर.

दुखवट्याच्या घरातून निघताना "येते" म्हणत नाहीत. मुकाट्याने पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. मीही तसंच केलं. दाराशी कोणी आलं नाही, कारण यायचं नसतंच. परतीच्या रस्त्यावर कापूस होता, ऊस होता, सगळं तसंच होतं. मला त्यातलं काही आठवत नाही.

चिपळूणला आल्यावर थोड्या दिवसांनी सुनीताचा फोन आला.

"चुलत सासूबाई म्हणतात तुला दम लागला होता. खरं का?"

मी खरं ते सांगितलं. वर्ग, खुणा, उंबरा.

"म्हणजे तू रागावली नव्हतीस?"

"नाही ग बाळा."

"मग मी उठून तुझ्याकडे येत होते, ते?"

"नाही दिसलं मला."

ती म्हणाली, "रागावली असतीस तर बरं झालं असतं," आणि फोन ठेवला.

लोक विचारतात, एवढ्या लांब गेलात तर लेणी तरी पाहिलीत का? मी नाही म्हणते. वर्ग सोडला. ताईंचा काही दोष नाही, त्यांनी शिकवलं ते अगदी खरं आहे. त्या उंबऱ्यात माझं मन पहिल्यांदाच कुठे भटकलं नाही. हे गेल्यानंतर इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं, आणि तेवढ्यात माझी पोर दोन पावलांवर हात पसरून उभी होती.